कोसंबींची चार पाने

धर्मानंद कोसंबी हे नाव या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. गोव्यातील सांखवाळ गावचा हा माणूस बौद्ध धम्माच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरला, पाली शिकला आणि पुढे थेट अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी जाऊन पोहोचला. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हेही आपल्याकडे माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. कार्ले, जुन्नर येथील लेण्यांवर आणि प्राचीन व्यापारी मार्गांवर त्यांनी जे लिहिले त्याचा हवाला आपल्या व्याख्यानांतून नेहमी दिला जातो.

पण दामोदर कोसंबींचा पोटापाण्याचा व्यवसाय इतिहास हा नव्हता. ते गणिताचे प्राध्यापक होते. आणि आज जगातील प्रयोगशाळांतून त्यांचे नाव सर्वांत जास्त वेळा उच्चारले जात असेल तर ते इतिहासामुळे नव्हे, जीवशास्त्रामुळे होय. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना त्यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. लंडनच्या एका नियतकालिकाच्या १२ व्या खंडात, पृष्ठ १७२ ते १७५ वर तो छापून आला. कोणी त्याचे साल १९४३ देतात, कोणी १९४४. एवढ्या चार पानांवर 'कोसंबी फलन' नावाची गोष्ट उभी राहिली आणि ती आजही वापरात आहे.

डार्विनचा १८५९ चा ग्रंथ, मेंडेलचा १८६६ चा निबंध अशा युगप्रवर्तक लेखनाच्या याद्या आपल्या विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षेसाठी पाठ कराव्या लागतात. त्या याद्यांत मराठी घरातले नाव सापडत नाही. कोसंबींची चार पाने डार्विनच्या शेजारी ठेवावीत असे मी म्हणणार नाही, तो वेडेपणा होईल. परंतु जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणक या तिन्ही ठिकाणी रोजच्या उपयोगात राहिलेले महाराष्ट्रातील लेखन शोधायला निघाल्यास माझ्या मते पहिला मान त्यांना द्यावा लागेल. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तेव्हा शास्त्रीय परिभाषा शक्य तितकी कमी ठेवली आहे. जो आकडा आला आहे तो मात्र पेन्सिल घेऊन पडताळून पाहावा अशी विद्यार्थी मित्रांना विनंती आहे.

हा विषय आपल्या समाजाच्या स्मरणिकेत का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हा निबंध आनुवंशिकतेबद्दल आहे आणि आनुवंशिकतेच्या नावाने आपल्यावर काय काय लादले गेले ते आपण जाणतोच. 'खाण तशी माती' ही म्हण आपल्या भाषेत सहज वापरली जाते. अमक्याच्या रक्तातच विद्या आहे, तमक्याच्या रक्तात नाही, हे वाक्य शिकलेली माणसेही बोलून जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी या समजुतीला शास्त्राचा मुलामा देणारे लोक युरोप-अमेरिकेत होते आणि त्यांचे दाखले देऊन जातिव्यवस्थेचे समर्थन करणारे लोक हिंदुस्थानात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात देता न आलेल्या भाषणात या समर्थनाचा समाचार घेतला आहे. तेथे त्यांनी कोणाचा आधार घेतला? बेटसन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाच्या मेंडेलवरील ग्रंथाचा. वरच्या दर्जाचे बौद्धिक गुण एखाद्या ठराविक रीतीने पिढ्यान्‌पिढ्या उतरतात असे मानण्यास आधार नाही, हे बेटसनचे मत त्यांनी पुढे ठेवले. राजकीय भाषण लिहिताना बाबासाहेब आनुवंशिकतेचा मूळ ग्रंथ उघडून बसले होते, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगितली पाहिजे.

कोसंबींच्या निबंधापर्यंत जाणारी वाट याच बेटसनच्या दारावरून जाते.

मेंडेल हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील ब्रुन गावचा एक मठवासी. मठाच्या बागेत त्याने वाटाण्याची हजारो झाडे वाढवली आणि गुणांची मोजदाद केली. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, असे गुण त्याने एकेक करून घेतले. त्याला असे आढळले की आई-बापाचे गुण रंग कालवावेत तसे एकमेकांत मिसळून जात नाहीत. प्रत्येक गुणाचा घटक वेगळा राहतो, आणि पुढच्या पिढीत हे घटक स्वतंत्रपणे वाटले जातात. १८६५ साली त्याने हे वाचून दाखवले, १८६६ साली छापले, आणि पुढे चौतीस वर्षे त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९०० साली युरोपातील तीन संशोधकांना तेच निष्कर्ष आपापल्या वाटेने सापडले तेव्हा जुना निबंध धुळीतून बाहेर निघाला.

बेटसनने हे काम इंग्लंडमध्ये उचलून धरले. १९०५ च्या सुमारास तो व त्याचे सहकारी स्वीट पी या फुलझाडावर प्रयोग करीत होते. फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार हे दोन गुण त्यांनी एकत्र पाहिले. मेंडेलच्या नियमाप्रमाणे दोन्ही गुण स्वतंत्रपणे वाटले जायला हवे होते. तसे झाले नाही. जांभळे फूल व लांबट पराग ही जोडी अपेक्षेपेक्षा फार जास्त झाडांत एकत्र सापडली. म्हणजे काही गुण जोडीने प्रवास करतात, पण नेहमीच नाही. कधी कधी जोडी फुटते. ती किती वेळा फुटते आणि का, हा प्रश्न तेथे उभा राहिला.

त्याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळाले. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मॉर्गन नावाच्या प्राध्यापकाने ते दुधाच्या बाटल्यांत वाढवून त्यावर संशोधन केले. लाल डोळ्यांच्या चिलटांत १९१० साली एक पांढऱ्या डोळ्यांचे चिलट निघाले आणि तेथून असे सिद्ध होत गेले की गुणांचे घटक, म्हणजे जनुके, पेशीतील गुणसूत्र नावाच्या धाग्यावर ओळीने बसलेली असतात. एकाच धाग्यावर असणारी जनुके जोडीने जातात. मग जोडी फुटते कशी?

हे समजण्यासाठी मनमाडकरांना पुस्तकाची गरज नाही. आपल्या यार्डात डबे काढण्याचे आणि जोडण्याचे काम आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. अशी कल्पना करा की यार्डात शेजारशेजारच्या दोन रुळांवर दोन गाड्या उभ्या आहेत. दोन्हींना सारखेच डबे, त्याच क्रमाने. एक गाडी आपल्याला आईकडून मिळाली, एक वडिलांकडून. आपल्या अपत्याकडे यातली एकच गाडी जायची आहे. पण ती रवाना करण्यापूर्वी शंटिंग होते. दोन्ही गाड्या एकाच ठिकाणी तोडल्या जातात आणि मागचे तुकडे अदलाबदल करून जोडले जातात. आता अपत्याकडे जाणाऱ्या गाडीचे पुढचे डबे आजीचे आणि मागचे आजोबांचे. कोणत्याही दोन डब्यांची मूळची सोबत राहील की तुटेल हे कशावर अवलंबून आहे? त्यांच्यातील अंतरावर. पाचवा आणि सहावा डबा शेजारी असल्याने त्यांच्यामध्येच कात्री लागण्याचा योग क्वचित येतो. दुसरा आणि विसावा डबा यांच्यामध्ये मात्र ती वारंवार लागते.

म्हणजेच शंभर अपत्यांपैकी कितीजणांत जोडी फुटली हे मोजले की दोन जनुकांमधील अंतराचा अंदाज येतो. स्टर्टेव्हंट हा मॉर्गनचा विद्यार्थी, अजून पदवीही न झालेला. त्याच्या डोक्यात ही कल्पना आली. १९११ साली त्याने आकडे घरी नेले, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवला आणि रात्रभर बसून जनुकांचा जगातील पहिला नकाशा काढला. सहा घटक होते, एका रेषेवर. १९१३ साली तो छापला. या नकाशावरील अंतराच्या मापाला पुढे मॉर्गनच्या नावावरून सेंटिमॉर्गन म्हणू लागले. शंभरात एक जोडी फुटावी इतके अंतर म्हणजे एक सेंटिमॉर्गन.

येथवर सगळे सरळ आहे. अडचण पुढे आहे, आणि कोसंबींचे काम तेथेच सुरू होते.

क, ख, ग ही तीन जनुके एका ओळीत आहेत असे समजा. क आणि ख यांची जोडी शंभरात २० वेळा फुटते. ख आणि ग यांचीही २० वेळा. तर क आणि ग यांची किती वेळा फुटेल? मनमाड ते नांदगाव आणि नांदगाव ते चाळीसगाव ही अंतरे मिळवली की मनमाड ते चाळीसगावचे अंतर येते, तसे येथे ४० यायला हवे. प्रत्यक्षात ते त्याहून कमी येते. याचे कारण आपल्या यार्डातच आहे. क आणि ग यांच्यामध्ये गाडी दोनदा तुटली तर मधला तुकडा बदलतो, पण क आणि ग पुन्हा मूळच्याच सोबतीला येतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काही झालेच नाही. दोन कात्र्या लागल्या आणि नोंद शून्याची झाली. अंतर जितके जास्त तितके असे लपलेले प्रसंग जास्त. म्हणून जोडी फुटण्याचे प्रमाण शंभरात ५० च्या वर जात नाही, मग डबे कितीही लांब असोत. सम वेळा कात्री लागली तर सोबत, विषम वेळा लागली तर ताटातूट, आणि फार लांबच्या डब्यांना दोन्ही शक्यता सारख्याच.

तेव्हा मोजलेल्या प्रमाणावरून खरे अंतर काढायला एखादे सूत्र हवे. त्यालाच नकाशा-फलन म्हणतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली असे एक सूत्र दिले. (हेच हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) त्यांनी असे गृहीत धरले की प्रत्येक कात्री स्वतंत्र आहे. एका ठिकाणी गाडी तुटली याचा दुसऱ्या ठिकाणी तुटण्याशी संबंध नाही. या हिशेबाने वरच्या उदाहरणात उत्तर येते ३२.

परंतु चिलटांच्या बाटल्यांतून येणारे आकडे या गृहीताशी जुळत नव्हते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी होत नाही, जणू पहिली दुसरीला अटकाव करते. लांब गेल्यावर हा अटकाव ओसरतो. हे मॉर्गनच्या काळापासून माहीत होते. ते सोप्या सूत्रात बसवायचे कसे, हा प्रश्न होता.

कोसंबी या प्रश्नापर्यंत कसे आले हे पाहण्यासारखे आहे, कारण ते जीवशास्त्र शिकलेले नव्हते. जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यातला. वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेला गेले, १९२९ साली हार्वर्डची पदवी घेतली. बनारस, अलिगढ येथे शिकवून १९३३ पासून फर्ग्युसनमध्ये. मुख्य विषय भूमिती. पण आपल्याला संख्याशास्त्र यायला हवे असे त्यांना वाटू लागले, आणि ते नुसते पुस्तकातून न शिकता एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर राबवून शिकावे म्हणून त्यांनी हातात घेतली नाणी. प्राचीन काळची चांदीची आहत नाणी. जातककथांत वारंवार येणारा कहापण म्हणजे याच जातीचे नाणे असे मानतात. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यातील नाण्यांच्या वजनांचा त्यांनी अभ्यास केला. नाणे जितके हातोहात फिरते तितके ते झिजते, हे आम्हा कॅशवर बसणाऱ्यांना कोणी सांगायला नको. नवे कोरे आणि झिजलेले यातला फरक आमच्या बोटांना कळतो. पण कोसंबींनी त्यातून दोन नियम काढले. फिरण्याने नाण्यांचे सरासरी वजन कमी होते, आणि त्याबरोबर वजनांतला आपसातला फरक वाढतो, कारण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत. आपला नियम त्यांनी चालू चलनातील नाणी तोलून पडताळला आणि त्यावर १९४२ साली निबंध लिहिला. मग त्याच मापाने जुनी नाणी पाहिली. मागच्या बाजूला जितके जास्त लहान ठसे, तितके वजन कमी. ते ठसे म्हणजे त्या काळच्या व्यापाऱ्यांनी वेळोवेळी केलेली तपासणी, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ठशांची संख्या हे नाण्याच्या वयाचे माप झाले.

माझ्या समजुतीप्रमाणे नाणी आणि चिलटे हा एकाच वृत्तीचा खेळ आहे. जे डोळ्यांना दिसत नाही (नाण्याचा प्रवास, जनुकांमधील अंतर) ते जे मोजता येते त्यावरून काढायचे.

अटकावाचा प्रश्न त्यांनी एका साध्या गृहीताने सोडवला. अगदी जवळच्या जनुकांमध्ये अटकाव पूर्ण असतो, म्हणजे दुहेरी कात्री लागतच नाही. फार लांबच्या जनुकांमध्ये अटकाव मुळीच नसतो. मग मधल्या सर्व अंतरांसाठी दुहेरी कात्रीची सूट जोडी फुटण्याच्या प्रमाणाच्या दुप्पट धरावी. प्रमाण शून्य असेल तर सूट शून्य. प्रमाण कमाल, म्हणजे अर्धा असेल तर सूट पूर्ण एक. दोन्ही टोके जुळली आणि मध्ये सरळ रेषा ओढली. इतकेच. या गृहीतावरून निघणारे समीकरण सोडवले की उत्तर येते ते गणितात आधीच ओळखीचे असलेले हायपरबोलिक टॅन हे फलन. त्यातून अंतरे मिळवण्याचा नियमही सुटसुटीत निघतो. दोन प्रमाणांची बेरीज करावी आणि तिला, एक अधिक दोन्हींच्या गुणाकाराची चौपट, याने भागावे. आपल्या उदाहरणात बेरीज ०.४०. गुणाकार ०.०४, त्याची चौपट ०.१६, एक मिळवून १.१६. भागाकार ०.३४५. म्हणजे शंभरात साडेचौतीस. हाल्डेनचे ३२, नुसत्या बेरजेचे ४०, कोसंबींचे त्या दोहोंच्या मध्ये. (भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा नियम आइन्स्टाइनच्या वेग मिळवण्याच्या नियमाशेजारी ठेवून पाहावा. प्रकाशाच्या वेगाच्या जागी अर्धा घातला की दोन्ही एकच होतात.)

अटकाव किती मोठा फरक करतो याचे आणखी एक उदाहरण. दोन लगतच्या टप्प्यांत जोडी फुटण्याचे प्रमाण प्रत्येकी शंभरात १० आहे. कात्र्या स्वतंत्र असतील तर हजार अपत्यांत १० वेळा दोन्हीकडे तुटलेले सापडेल. कोसंबींच्या नियमाने ते ४ च्या आसपास येते. आणि अंतरांत? प्रमाण शंभरात १ असताना दोन्ही सूत्रे जवळजवळ एकच सांगतात. २० असताना हाल्डेनचे अंतर साडेपंचवीस सेंटिमॉर्गन, कोसंबींचे सव्वाएकवीसच्या किंचित आत. ३० असताना हाल्डेनचे ४५.८ आणि कोसंबींचे ३४.७. जवळच्या अंतराला कोणतेही सूत्र चालेल, लांबच्या अंतराला सूत्र चुकले तर नकाशाच चुकतो.

हा नियम अंतिम सत्य नाही. सगळ्या सजीवांत अटकाव सारखा नसतो. काही बुरशींत तो जवळजवळ नसतोच, तेथे हाल्डेनचेच सूत्र योग्य ठरते. कोसंबींनंतर अनेकांनी अधिक बारीक, अधिक अवघड सूत्रे दिली. तरीही टिकले ते कोसंबींचे, कारण ते हाताने सोडवता येते आणि पुष्कळ प्राण्यांत व पिकांत पुरेसे जुळते. बँकेत काय किंवा शास्त्रात काय, जो नमुना भरायला सोपा तोच चालतो.

चार पाने छापून आली तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि जनुक म्हणजे रासायनिकदृष्ट्या काय हेही निश्चित झालेले नव्हते. खरा उपयोग चाळीस वर्षांनी झाला. १९८० नंतर माणसाच्या गुणसूत्रांवर ठिकठिकाणी खुणेचे दगड रोवता येऊ लागले. हंटिंग्टन हा मेंदूचा असाध्य आनुवंशिक रोग घ्या. व्हेनेझुएलातील मोठमोठ्या कुटुंबांचा अभ्यास झाला आणि १९८३ साली कळले की या रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर एका खुणेच्या जवळ आहे. प्रत्यक्ष जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागली, १९९३ पर्यंत. पण कोणत्या गल्लीत शोधायचे हे जोडी फुटण्याच्या मोजणीने आधी सांगितले. शेकडो खुणा आणि हजारो अपत्ये असा हिशेब हाताने होणार नाही, तेव्हा संगणकाचे कार्यक्रम लिहिले गेले. १९८७ च्या मॅपमेकर या प्रसिद्ध कार्यक्रमात आणि त्यानंतरच्या बहुतेक कार्यक्रमांत वापरणाऱ्याला निवड करावी लागते, अंतर हाल्डेनच्या सूत्राने काढू की कोसंबींच्या? भात, गहू, मका यांच्या जनुकनकाशांवरील निबंध उघडला की अंतरे कोसंबी फलनाने काढली आहेत, अशा अर्थाची ओळ हमखास भेटते. अशा खुणांच्या मदतीने वाण सुधारता येते. बाजरीवर पडणारा गोसावी रोग आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. हरियाणातील एका लोकप्रिय संकरित बाजरीत या रोगाला तोंड देणारी जनुके खुणांवरून ओळखून आणली गेली आणि २००५ साली ते सुधारित वाण शेतकऱ्यांना मिळाले.

आता ज्या नियतकालिकात ही चार पाने छापली त्याच्या नावाकडे येतो. ते नाव होते 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'. युजेनिक्स म्हणजे सुप्रजाशास्त्र, चांगल्या बीजाची माणसे वाढवावीत आणि हलक्या बीजाची कमी करावीत असे मानणारी विद्या. कार्ल पिअर्सन यांनी १९२५ साली हे नियतकालिक त्याच हेतूने काढले. संख्याशास्त्राची काही उत्तमोत्तम कामे त्यात छापली गेली हेही खरे आहे. जर्मनीत या विचाराचा शेवट कोठे झाला ते जगाने पाहिले, आणि १९५४ साली नियतकालिकाने आपले नाव बदलून 'अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' असे केले. कोसंबींनी राघवाचारी यांच्यासमवेत भारतातील जन्मांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या चढउतारावर लिहिलेला १९५१ चा निबंध जुन्या नावाखाली आहे, आणि मृत्यूंवरचा १९५४ चा निबंध नव्या नावाखाली.

विनोद असा की या नियतकालिकाच्या पाटीखाली छापलेले ते गणितच बीजशुद्धीच्या कल्पनेला पोषक नाही. घराण्याचे गुण गठ्ठा बांधल्यासारखे जसेच्या तसे खाली येतात, असे मानले तरच 'रक्त' या शब्दाला अर्थ उरतो. यार्डात तर प्रत्येक पिढीला शंटिंग चालू आहे. निरनिराळ्या गुणसूत्रांवरची जनुके स्वतंत्रपणे वाटली जातात, आणि एकाच गुणसूत्रावरचीही थोडी लांब असली की शंभरात पन्नासाच्या जवळ वेगळी होतात. शेजारचे दोनचार डबे काही पिढ्या एकत्र राहतील, सबंध गाडी राहत नाही. आणि बुद्धी, उद्योग, शील या गोष्टी एकेका डब्यात भरलेल्याही नसतात. बाबासाहेबांनी बेटसनच्या आधारे हेच सुचवले होते.

कोसंबींचे दुसरे एक लेखन याहूनही मोठे असूनही बाजूला पडले. १९४३ सालीच भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्र या विषयावर तेरा पानांचा निबंध छापला. सतत बदलणारी एखादी गुंतागुंतीची गोष्ट थोड्या ठळक आकारांची बेरीज म्हणून कशी मांडता येईल, असा त्याचा आशय ढोबळ शब्दांत सांगता येतो. तीनचार वर्षांनी हाच सिद्धांत फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडला व त्यांच्याच नावाने तो प्रसिद्ध झाला. संगणकाने माणसाचे चेहरे ओळखण्याच्या १९८७ सालच्या एका आरंभीच्या पद्धतीचा पाया हाच सिद्धांत. आता काही लेखक त्याला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे तिघांचे नाव देतात. एकाच माणसाचे एकाच सुमारास लिहिलेले दोन निबंध. लंडनला छापलेल्यावर नाव राहिले, युद्धाच्या धामधुमीत भारतात छापलेल्यावरचे गेले. कोठे लिहिले यावर काय लिहिले याचे भवितव्य ठरावे, हे आपल्याला अपरिचित नाही.

संगणकाशी त्यांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. १९४५ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पुण्याहून डेक्कन क्वीनने त्यांची ये-जा चाले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड व अमेरिकेत गेले ते गणकयंत्रांचाच अभ्यास करायला. १९५८ साली त्यांनी पत्ते पिसण्यावर निबंध लिहिला, पिसल्याने पत्ते खरोखर किती विस्कळित होतात यावर. उगीच नाही, संख्याशास्त्रात यदृच्छेने निवड करणे हे फार महत्त्वाचे काम असते.

उतरती बाजूही सांगितली पाहिजे. अविभाज्य संख्यांबद्दलचे रीमानचे १८५९ सालचे अनुमान गणितात फार प्रसिद्ध आहे. ते आपण संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध केले असे कोसंबींना वाटले, आणि १९५९ साली कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात त्यांनी ते छापले. गणितज्ञांनी ते मान्य केले नाही. (ते अनुमान आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.) त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला आणि १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. पुढची चार वर्षे पुण्यात गेली. २९ जून १९६६ रोजी ते वारले, वयाच्या ५८ व्या वर्षी. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांचे गणित व संख्याशास्त्रातील निवडक निबंध राम रामस्वामी यांनी संपादित करून २०१६ साली प्रसिद्ध केले आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. भाषा इंग्रजी आहे, पण जनुकांवरची ती चार पाने पाहून घाबरण्यासारखे काही नाही. बारावीच्या गणितातील डिफरन्शियल समीकरण ज्याला सोडवता येते त्याला त्यातला मुख्य भाग समजेल. प्रमाणाची दुप्पट धरण्याच्या त्या एका गृहीतापासून सुरुवात करून समीकरण स्वतः मांडून पाहावे. उत्तर जुळते.